मिशीची डावी बाजू

लाइट येईपर्यंत बसायचंय ना? मग त्या मोबाइलच्या बॅटऱ्या एकमेकांच्या तोंडावर मारू नका. आणि तू जिन्यातून जरा सरक, कुणी वर आलं तर अडखळेल. एवढ्या रात्री कुणी येणार नाही म्हणा.

तुम्ही इथं नवे, खालचं सलून बंदच पाहिलंय. तिथला न्हावी माझा दोस्त. सडाफटिंग माणूस, सलूनच्या माळ्यावरच झोपायचा. स्वतः कायम गुळगुळीत, पण दुसऱ्याच्या मिशीवर भारी जीव. समोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मालकाला सगळी गल्ली दादा म्हणायची. दादांची मिशी मेंदी लावून तांबूस केलेली. दर शनिवारी दुकान बंद केलं की ती कोरून घ्यायला यायचे.

एका शनिवारी असेच आले. दुसऱ्या दिवशी लेकीकडे जायचं होतं, नातू पहिल्यांदाच बघणार होते. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण न्हाव्यानं सगळं सांगितलं. मी विचारल्याशिवाय सोडतो होय?

खुर्चीत टेकता टेकता दादा म्हणाले, "आज स्क्रू हातात टिकेना रे. उजवा हात माझा नाहीच असं वाटतंय." बोलणं जडच येत होतं.

"नातू बघायच्या आधीच बाटली उघडली वाटतं," न्हावी म्हणाला. दादा हसले. अर्धेच.

न्हाव्यानं फणी लावून पाहिलं, तर मिशी उजवीकडे खाली. खालून थोडी कापली. तरी खालीच. आणखी कापली. अरे, मिशी वाकडी नव्हती, तोंड वाकडं झालं होतं! पण मिशीवेड्या न्हाव्याला मिशीच दिसली. आरशात रेघ सरळ आली तेव्हा उजवी बाजू निम्मी उरली होती.

"जा, जाऊन पडा," न्हावी म्हणाला. "झोपलात की बरं वाटेल."

दादा जाऊन झोपले. सकाळी उठवलं तर उठेनात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत. "तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं होतं. तेव्हाच गाडी बोलवायची असते. कुणाच्या लक्षात आलं नाही?"

न्हावी माझ्या शेजारीच उभा होता.

आठवडाभरात दादा गेले. गेल्यावर चेहरा सैल पडला, सरळ झाला. आणि मिशी तेवढी वाकडी राहिली. लेक बापाच्या तोंडाकडेच बघत होती. नातू तिच्या कडेवर.

तेव्हापासून न्हाव्यानं एकच धरलं. गिऱ्हाईक बसलं रे बसलं की, "हसा बघू. दोन्ही हात वर. आता नाव सांगा." लोक म्हणायचे, "दाढी करतोस का झडती घेतोस?" तो ऐकायचा नाही. पण न्हाव्याला आरशात गिऱ्हाईक दिसतं. मागं उभा असलेला न्हावी कोण बघतो?

मागच्या वर्षी, नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. रात्रीचे पावणेबारा. वारा असा सुटला होता की गल्लीतलं एकेक शटर धडधडत होतं. न्हाव्यानं जमीन झाडली, धुतलेलं कापड खुर्चीवर पसरलं, शटर ओढून आतून कुलूप घातलं. दुपारपासून डोकं जड होतं. झोपलं की बरं वाटेल, असं मनाशी म्हणाला. आणि वळला.

खुर्चीत दादा.

कापड गळ्यापर्यंत. मिशी तशीच... उजवीकडे निम्मी.

"दादा...?"

कापडाखालून डावा हात निघाला. बोट आरशाकडे. दादांच्या स्वतःच्या तोंडाकडे नाही... मागं उभ्या न्हाव्याकडे.

न्हाव्यानं पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा, स्वतःकडे.

हसून पाहिलं. अर्धंच.

हात वर केले. एकच आला.

नाव सांगायला गेला...

...

कळलं त्याला. सगळं कळलं. वेळही हातात होता. पण मोबाइल माळ्यावर, चार्जिंगला. शिडी चढवेना. किल्ली कुलपात बसेना. मग खाली बसून डाव्या मुठीनं शटरवर मारत राहिला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. सगळ्यांना वाटलं, वारा.

सकाळी दूधवाल्याला आतून कण्हणं ऐकू आलं. आम्ही पहारीनं शटर उचकटलं. जीव होता. वेळ गेली होती.

आता बहिणीकडे असतो. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डाव्या हाताच्या खुणांनी मी हे सगळं त्याच्याकडून काढलं, कित्येक महिने लागले. "दादा कधी निघून गेले रे?" असं विचारलं की नुसता दाराकडे बघत बसतो. पुन्हा विचारत नाही मी.

पण एक मी स्वतः पाहिलंय. शटर वर गेलं तेव्हा सगळे न्हाव्याला उचलायला धावले. मला मेल्याला सगळीकडे डोकवायची सवय, मी आधी खुर्चीकडे पाहिलं.

कापडाला गळ्याशी गाठ मारलेली होती. दोन हातांनी मारतात तशी, आणि न्हाव्याचा तर एकच चालत होता. कातरी आरशापुढे, जागच्या जागी. आणि त्या धुतलेल्या कापडावर, डाव्या खांद्यावर केस पडले होते. बारीक... तांबूस.

उजवीकडे एकही नव्हता.