मागच्या चाकाची साक्ष

“वेग नोंदवणारी पेटी खोटं बोलत नाही, म्हणतात मालक!” शाळेच्या बसचा ड्रायव्हर कळवळून म्हणाला. “पन्नासच्या वर न्यायची नाही, आणि पेटीत रोज पंचावन्न. समोरचा काटा तर कधीचा मेलाय. आज मला कामावरून काढणार. दाजी, मी गाडी पळवली नाही हो!”

दाजी म्हणजे खासगी गुप्तहेर. मदतीला सख्खा मेहुणा असल्यामुळे सगळेच त्यांना दाजी म्हणत.

“शाळेत पोचता कधी?”

“नेहमीच्याच वेळेला.”

“वाटेत चहाला थांबत असेल,” मेहुणा म्हणाला.

“पोरांनी भरलेली बस घेऊन? डोकं घरी विसरलास का?”

गॅरेजात मालक आधीच तापले होते. “पेटीत अंतरही वाढलंय! वाकड्या वाटेने नेतो हा.”

“पोरं सांभाळणाऱ्या बाईंना विचारलंत?”

“म्हणते, रस्ता तोच. वर सांगते, मागची पायरी खाली आलीय, पोरं पटकन चढतात. मी विचारतो काय, ही बोलते काय!”

मिस्त्री हात पुसत पुढे आला. “मागचे टायर मीच बदलले. तेव्हाच याला बजावलं, आता जरा हळू चालव. ऐकतो कोण!”

दाजींनी कपाळावर हात मारला. “अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय!”

त्यांनी मागच्या टायरवर खडूची खूण केली, चाकाचा एक फेरा होईल एवढीच बस पुढे घ्यायला लावली आणि तेवढं अंतर दोरीने मोजलं. पेटीत भरलेल्या मापापेक्षा दोरी वीतभर तोकडी भरली.

“पेटी वेग बघत नाही, चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात चाक किती पुढे जातं, ते आपण तिला सांगायचं. ठेंगणं चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं, पेटी गुणते जुन्याच मापाने. वेग फुगला, अंतरही फुगलं. बस खरंच पळाली असती, तर लवकर नसती पोचली? आणि पायरी काय हवेने खाली आली?”

“पण मिस्त्रीने चुकून लावले असतील, त्याला काय माहीत?” मेहुणा म्हणाला.

“अरे देवा! कधी नव्हे ते टायर बदलताच ‘हळू चालव’ कोण म्हणालं? पेटी फुगणार, हे त्याला ठाऊक होतं!”

मिस्त्रीची मान खाली गेली. “बसचे मापाचे टायर भावाच्या टेम्पोला लावले. याची नोकरी जाईल, असं वाटलं नव्हतं.”

मालक ओशाळले. “उद्या वेळेवर ये बाबा.”

ड्रायव्हरने डोळे पुसले. “मापाचे टायर बसले की येतो. लेकरं बसतात गाडीत.”