बाबांची लाकडी मान

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मी कुणाच्या पाया पडणार नाही. मी लाकडाशी खोटं बोलत नाही, तुमच्याशी कशाला बोलू?

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवार, दुपारचे तीन. घरामागची आमची कामाची खोली. खिडक्या सताड उघड्या, लख्ख ऊन.

बाबा लाकडाची हलणारी खेळणी कोरायचे. हँडल फिरवलं की पंख हलवणारा बगळा, मशीन चालवणारा शिंपी. त्यांच्या डाव्या हातात जादू होती, सगळे म्हणायचे.

मला मात्र त्यांनी कोरायच्या पटाशीला हात लावू दिला नाही. "लाकूड पोरीचं ऐकत नाही," म्हणायचे. मी चोरून शिकले. काही करून दाखवलं की ते फक्त मान हलवायचे. डावीकडे, उजवीकडे.

नाही.

शेवटपर्यंत एकदाही 'हो' नाही.

ते गेले, आणि तीन महिन्यांनी मी बाबांनाच कोरायला घेतलं. वीतभर उंच, बाकावर बसलेले. हँडल फिरवलं की मान खाली-वर हलणार. जिवंतपणी दिला नाही तो होकार मी माझ्या हाताने करून घेणार होते. हट्ट म्हणा. बापावरच गेलेय मी.

आता एक नीट ऐका. खेळण्याखालच्या पेटीत लाकडाची चकती असते, एका बाजूला फुगीर. ती फिरली की काडी उचलते आणि मान हलते. मानेत आडवी एकच खुंटी. म्हणजे मान फक्त खाली-वर होऊ शकते. बाजूला वळायला जागाच नाही.

त्या रविवारी पेटी बंद केली आणि हँडल फिरवलं.

टक... मान वर.

टक... मान खाली.

मला रडूच फुटलं. धावत घरात जाऊन आईला आणि दादाला घेऊन आले. पुन्हा हँडल फिरवलं.

टक...

मान मध्येच थांबली. मग हळूहळू... डावीकडे वळली.

मग उजवीकडे.

"अगं बाई," आई पुटपुटली, "हे तर अगदी तेच!"

"ओलं लाकूड वापरलंस, पिळलं असणार," दादा म्हणाला. दादा ट्रक चालवतो, त्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही. वर्षभर वाळवलेला तुकडा होता तो.

मी पेटी उघडली. खुंटी जागच्या जागी, आडवी.

पण चकती...

तिची फुगीर बाजू तासलेली होती. पटाशीच्या ताज्या खुणा, उलट्या कललेल्या. डाव्या हाताने तासलं की तशा पडतात. आणि ढलपी? एकही नाही. ना आत, ना बाकावर, ना जमिनीवर.

मी उजव्या हाताची आहे. आमच्या घरात डावखुरं एकच माणूस होतं.

"जाळून टाक ते," आई म्हणाली. "त्यांना नकोय, दिसत नाही का तुला?"

"त्यांना नको असेल तर नसू दे! मला हवंय."

मी नवी चकती केली. सकाळी ती तासलेली. दुसरी केली, तीही तासलेली. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. "तासा," मी रिकाम्या खोलीत ओरडले, "तुम्ही तासून दमता की मी करून, बघूच या!"

अशा सात चकत्या गेल्या.

आठवीला कुणी हात लावला नाही.

एक दिवस गेला. चार गेले. आठवडा गेला. चकती होती तशीच, गुळगुळीत. आई म्हणाली, "फिरव की आता. बघ तरी काय म्हणतात."

हँडलवर हात ठेवला आणि मला एकदम कळलं. होकार आला तरी तो भांडून घेतलेला. नकार आला तरी मी कोरायची थांबणार नव्हतेच. मग विचारायचं कशाला?

मी हँडलच उपसून काढलं आणि चुलीत घातलं. बाबांना फळीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून माझ्या कामाला बसले. घोडा कोरत होते, माझा स्वतःचा.

काल दुपारची गोष्ट. खोलीत मी एकटी.

पाठीमागे...

टक.

टक.

हँडल नसताना. मान हलत होती. खाली-वर की डावी-उजवी, नुसत्या आवाजावरून कळत नाही. एकदा वळले असते तर आयुष्यभराचं उत्तर मिळालं असतं.

"बाबा," मी म्हणाले, "तुमचं तुम्ही चालू द्या. मला काम आहे."

आवाज थांबला.

मग कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलं... माझ्या डाव्या खांद्याशी, वाकून, घोड्याकडे बघत. लाकडाच्या भुशाचा वास आला. श्वास मला ऐकू येत होता.

पटाशी मी खाली ठेवली नाही, आणि वर बघितलं नाही.