लाल नागाचा दगड

नोकरीचा पहिलाच दिवस, आणि मी आखातातल्या रुवीजवळच्या मार्बल कारखान्याच्या अंगणात चपला काढून, हात जोडून उभी! समोर पुरुषभर उंच दगड. त्यावर वेटोळं घातलेला नाग, अंगभर लाल रंग. आमच्या गुहागरकडे असा दगड दिसला की आधी नमस्कार, मग चौकशी.

"काय मागितलंत?" दगडामागून एक चेहरा डोकावला. पापण्यासुद्धा धुळीनं पांढऱ्या. हा स्वरूप. दगड तोच कोरत होता.

"ते सांगायचं नसतं," मी फणकारले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी नागोबाला फूल ठेवू लागले. तो छिन्नी थांबवून बघत राहायचा, मी मुद्दाम बघायचे नाही... अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. एके दिवशी नवस बोलले... त्याच्यासाठीच.

त्याच दिवशी दगड पिकअपवर चढला.

"नागोबाला कुठे नेतोयस?"

"कुरियात गावाला, एका स्वीडिश बाईंच्या बागेत." तो चाचरला. "पूर्वा, रागावू नकोस... हा देव नाही. त्यांच्या गावच्या जुन्या चर्चशेजारी हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे, त्याची ही नक्कल. नवरा जहाजानं गेला, परत आलाच नाही, म्हणून बायकोनं उभारलेला."

"आणि हे आत्ता सांगतोयस?"

"आधी सांगितलं असतं, तर तू रोज आली असतीस?"

मला हसूही येईना. परत न आलेल्याच्या दगडापाशी मी ह्याला मागितलं होतं! "आज जाऊ नकोस," म्हणेपर्यंत गाडी निघाली.

दुपारी डोंगरात पाऊस कोसळला. कुरियातच्या रस्त्यावर वादीला, त्या एरवी कोरड्या नदीला, लोंढा आल्याची बातमी आली. त्याचा फोन बंद. देवा, मी हे काय करून बसले!

संध्याकाळी फाटकातून चिखलानं माखलेली पिकअप आत आली. दगड मागे तसाच. मी धावले, त्याचा ओला शर्ट मुठीत धरला आणि भोकाड पसरलं.

"अगं, बघ तरी! पाणी बॉनेटपर्यंत चढलं होतं. पुढची रिकामी गाडी वाहून गेली, आमची जागची हलली नाही. मागे तुझा नागोबा होता ना, टनभराचा!" त्यानं दगडावर हात ठेवला. "आता तरी सांग, काय मागितलं होतंस?"

"तुला," मी म्हणाले. "नवस बोललेय... जोडीनं नारळ वाढवीन म्हणून."

त्यानं माझे डोळे पुसले, चिखल माझ्याच गालांना लागला.

"मग चल, नारळ घेऊ. हमरिया बाजारातली दुकानं अजून उघडी असतील."