सातवं पाणी

इकारी नावाच्या म्हाताऱ्यानं काळ्या साखरेच्या दारूचा पेला खाली ठेवला आणि होडीच्या कडेला टेकून बसलेल्या पोरांकडे पाहिलं.

हसा, हसा. रात्री ओढ्यावर जाऊ नका म्हटलं की माझा शेजारी तोकुहिसाही असाच हसायचा. आता दिवेलागण झाली की ओढ्याकडे फिरकत नाही.

गेल्या वर्षीच्या वादळानंतरची चौथी रात्र, अमावस्येची. बेटावर बोट आली नव्हती, दुकानात मीठ आणि मेणबत्त्या तेवढ्या उरल्या होत्या, नळ कोरडे. घरातला तांदूळ संपला तसं तोकुहिसानं सोतेत्सूच्या बिया फोडून पीठ केलं. आपली सगळी साखर समुद्रापलीकडचे सातसुमाचे सरदार ओरबाडून न्यायचे, तेव्हा आपले पूर्वज त्या विषारी झाडावरच तगले. विष उतरायला पीठ भिजवून सात वेळा पाणी बदलायचं, मगच चुलीवर ठेवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाणी होतं कुठे? ओढा लांब, आणायचं तर एकेक कॅन. यानं दोनदा बदललं आणि म्हणाला, "बास झालं. पोरीच्या पोटात कावळे ओरडतायत."

त्याच्या बायकोनं, मिनाएनं, पेज शिजत घातली. हा प्यायच्या पाण्यासाठी कॅन घेऊन ओढ्यावर गेला.

तिथे एक बाई पाठमोरी बसून टोपलीत काहीतरी धूत होती. वरच्या वाडीतली कोणी असेल, असं त्याला वाटलं.

"काय काकू, तुमच्याकडेही सोतेत्सूच का?"

"दुसरं काय असणार बाबा. तू किती पाणी बदललंस?"

याला लाज वाटली. "सात," म्हणाला.

बाईचे हात थांबले.

"मीही सासूला सातच सांगितलं होतं..."

तिनं टोपली पुन्हा पाण्यात बुडवली.

"लेकरू भुकेनं रडत होतं रे... खाल्लं... मग रडायचं थांबलं."

यानं विजेरी टोपलीवर धरली. टोपली रिकामी. ती रिकामी टोपलीच धूत होती...

कॅन तिथेच टाकून हा पळत सुटला. वाट एकच. अंधार. घराचं दार उघडं. चूल विझलेली.

"चिनात्सु! खाल्लंस तू? बोल ना!"

पोरगी फुरंगटून बसली होती. मिनाए कडाडली, "खाऊ दिलं कुठे! तुम्हीच पाठवलीत ना ती बाई? ओलीचिंब आली, पोरीच्या हातातला वाडगा हिसकावला, पातेलं नेऊन बाहेर ओतलं. तोंडातून शब्द नाही!"

वाटेत तोकुहिसाला कुणीही मागे टाकून गेलं नव्हतं.

नळ आले त्यानंतर तीन दिवसांनी. पण त्या रात्रीनंतरच्या सकाळीच त्याच्या अंगणातलं, उरलेलं पीठ भिजत घातलेलं लाकडी घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं. नितळ पाण्यानं. काठावर पिठाचा पांढरा ठसा होता, लेकराच्या पंजाचा.

चिनात्सु सहा वर्षांची. तिचा हात त्याच्यावर ठेवून पाहिला, मी तिथे उभा होतो. ठशापुढे तिचाच हात मोठा दिसत होता.

घासूनही जात नाही तो. घंगाळ त्याच्या पडवीत आहे, पाहून या. उजेडी जा.