चांगुणाचा पासवर्ड

वकीलसाहेब, आधी तो पेन टेबलावर आपटायचं थांबवा. रागावू नका, पण हल्ली मला तो आवाज सहन होत नाही. हां. आता सांगतो. आनंदराज वकील मधे न तोडता ऐकून घेतात असं मुखेडच्या पाहुण्यानं सांगितलं, म्हणून आलो.

मी रियाज. इथं नांदेडात देगलूर नाक्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लातूरच्या एका मोठ्या क्लासचं सगळं काम माझ्याकडं होतं. होतं म्हणतो, कारण आठ दिवसांमागं त्यांनी माझ्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. मी टेस्टचे मार्क बदलले म्हणून. आणि कुणाचे, तर माझ्याच पोरीचे, उजमाचे. क्लासनं तिला काढून टाकलं, चारशे पोरांसमोर नाव घेऊन. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षं घर सोडून लातूरच्या होस्टेलात राहिलेली पोर, साहेब! माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पण तिच्या नावावरचा डाग निघाला पाहिजे. मी तेवढ्यासाठीच आलोय.

झालं असं की मे महिन्यात क्लासचे मालक हणमंतराव सर, त्यांचा फोन आला.

"रियाजभाई, ते जुनं धूड बंद करून टाका एकदाचं. कॉम्प्युटर तपासणीवाले लई बोंबलायलेत."

जुनं धूड म्हणजे मागच्या खोलीतला कॉम्प्युटर. सन दोन हजारचा. टेस्टचे मार्क भरून नंबर काढायचा प्रोग्रॅम त्यात होता, मीच लिहिलेला. त्या मशीनला लागणारे अपडेट बंद होऊन जमाना झाला होता. कुणीही शेंबडं पोर बाहेरून आत शिरेल अशी तिची हालत, आणि तरी ती नव्या सर्व्हरला वायरनं जोडलेलीच. म्हणजे समोर लोखंडी दार, वॉचमन, कुलूप, आणि मागच्या भिंतीला भगदाड. मी दर साली म्हणायचो, काढू या. हणमंतराव दर साली म्हणायचे, जुन्या टॉपरांच्या याद्या हायत त्यात, राहू द्या.

सकाळच्या एसटीनं निघालो, अहमदपूरला चहा घेतला, बाराच्या सुमाराला लातुरात. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. वर्गांतून सरांचे माईक चालू होते, पोरं माना खाली घालून लिहीत होती. भरदिवसाची, भरल्या क्लासातली गोष्ट आहे ही.

मागची खोली उघडली आणि मला वास आला. धुळीचा नाही. उकरलेल्या पांढऱ्या मातीचा, ओलसर. मे महिन्यात, तिसऱ्या मजल्यावर! म्हटलं, कुठंतरी बांधकाम चालू असेल.

मशीन चालू केली. काम सोपं होतं. जुन्या लोकांची लॉगिनं एकेक करून काढायची, याद्या उतरवून घ्यायच्या, वायर तोडायची. पाच लॉगिनं काढली. सहावं राहिलं. चांगुणा.

आता चांगुणाचं सांगावं लागेल. 

भूकंपातली पोर होती ती. त्र्याण्णव साली नऊ वर्षांची. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना घर अंगावर आलं. घरातले सगळे गेले. ही दगडमातीखाली दीड दिवस होती, हाताला लागलेलं पितळी फुलपात्र दगडावर वाजवत. टक टक... थांबून, टक. ते ऐकून जवानांनी तिला काढली. पुढं शिकली, टायपिंग केलं, क्लासमध्ये ऑपरेटर लागली. मार्क भरायला बसली की आधी टेबलावर पेननं तसंच वाजवायची. दोनदा, मग एकदा. मी एकदा विचारलं तर लाजून म्हणाली, "सवय लागली, सर. वाजवत राहिलं की कुणीतरी ऐकतं."

तिचा पासवर्ड होता शून्य तीन पाच सहा. भूकंपाची वेळ. आणि तो सगळ्या ऑफिसला पाठ होता, कारण मीच तिला म्हणालो होतो, सगळ्यांना सांगून ठेव! ती यायची नऊला, गावाकडून एसटीनं. क्लास सुरू व्हायचा सहाला. मशीन उघडायला कुणी मला पहाटे फोन करून छळू नये, म्हणून ही अक्कल. शिपाईसुद्धा चांगुणाच्या नावानं आत जायचा.

दोन हजार नऊमध्ये हणमंतरावांच्या भाच्याचे मार्क वाढले. बोंबाबोंब झाली, पालक जमले. नोंद निघाली चांगुणाच्या नावावर, वेळ सकाळी सहा दहा. सहा दहाला ती पोर एसटीत होती! मला ठाऊक होतं, हणमंतरावांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि लेटरहेड पुढं सरकवलं. मी लिहून दिलं, "सदर प्रणाली पूर्णपणे सुरक्षित आहे. ज्याच्या नावाने नोंद आहे, ती त्याच व्यक्तीने केली आहे. इतर कोणासही पासवर्ड माहीत असणे शक्य नाही." खाली माझी सही, शिक्का.

चांगुणा दारात उभी होती. रडली नाही. मला एवढंच विचारलं, "सर, दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता का?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं, सर," म्हणाली आणि गेली. गावात चोर म्हणून नाव झालं, ठरलेली सोयरीक मोडली. पुढच्या उन्हाळ्यात कावीळ झाली, ती तिनं अंगावर काढली, आणि गेली. मला कळलं तेव्हा मी दुकानात बिर्याणी खात होतो. खाल्ली, साहेब. सगळी खाल्ली. थू माझ्यावर.

तर ते लॉगिन. काढायच्या आधी पासवर्ड घालावा लागे, तसा नियम मीच ठेवलेला. शून्य तीन पाच सहा घातला. पडद्यावर आलं, याआधी प्रवेश: आज, पहाटे तीन छप्पन्न.

म्हटलं, मशीनचं घड्याळ बिघडलं असेल. मागं मागं गेलो. काल, तीन छप्पन्न. परवा, तीन छप्पन्न. चौदा वर्षं, साहेब, एक दिवस चुकला नव्हता. रोज आत यायची नोंद आणि लगेच बाहेर जायची. मार्कांना कुठं हात लावलेला नाही. संध्याकाळी ती खोली कुलूपबंद असते, तिचा मेन स्विच वॉचमन रोज पाडतो.

तेवढ्यात हणमंतराव आले, रुमालानं मान पुसत. "झालं का न्हाई?"

आणि लाईट गेली. पंखा थांबला. वर्गातले माईक बंद पडले. सगळीकडं एकदम चूप.

पडदा चालूच होता.

त्या मशीनला बॅटरी नाही, काही नाही. मी हातानं वायर उपसली... प्लग माझ्या मुठीत होता, साहेब, आणि पडदा चालूच. मातीचा वास इतका वाढला की घशात कण लागायला लागले. मग मशीनच्या डब्याच्या आतून आवाज आला. टक टक... टक.

"उंदीर हाय," हणमंतराव म्हणाले. आवाज फाटला होता त्यांचा.

पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. इंग्रजी अक्षरं, भाषा आपली. मी तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ लिहिलाय, असली ओळ त्यात नाही.

दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता का?

खाली दोनच पर्याय. हो. नाही.

माझा हात 'हो'कडं गेला होता. अल्लाची कसम, गेला होता. मागून हणमंतराव कानाशी म्हणाले, "रियाजभाई... उगं काहीतरी दाबू नका. ह्याची नोंद राहती. तुमचं पत्र माझ्या फाईलला हाय, इसरलात का?"

मी नाही दाबलं.

 मग आलं, बरं, सर. आणि पडदा विझला.

मी ती मशीन उचलून खाली नेली, हातोड्यानं फोडली. हणमंतरावांनी चहा पाजला. संध्याकाळच्या गाडीनं मी नांदेडला आलो.

दुसऱ्या दिवशी टेस्टचा निकाल लागला. नवा सर्व्हर, नवा प्रोग्रॅम. उजमाचे चारशे एकतीसचे सातशे दोन झाले होते. नोंद रियाजच्या नावावर. वेळ पहाटे तीन छप्पन्न. मी घरी झोपलो होतो. माझा पासवर्ड अठरा अक्षरी, बायकोलासुद्धा माहीत नाही.

मी लातूरला धावलो, हातापाया पडलो. म्हणालो, सर, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना? हणमंतराव माझ्याकडं बघेनात. फाईल उघडली आणि पालकांसमोर कागद वाचला. "ज्याच्या नावाने नोंद आहे, ती त्याच व्यक्तीने केली आहे." वर मला म्हणाले, "रियाजभाई, हे तुम्हीच लिहून दिलं हाय. आमाला कॉम्प्युटरातलं काय कळतंय?"

म्हणून म्हणतो, साहेब, लिहून घ्या. ते पत्र खोटं होतं. सगळ्यांना माहीत होता तो पासवर्ड. मला तुरुंगात घाला, पण चांगुणाचं नाव धुऊन काढा, म्हणजे माझ्या उजमाला ती सोडेल. सोडेल ना?

पोर आठ दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज इकडं निघायच्या आधी स्वयंपाकघरात बसली होती, पुढ्यात चहा. हातात रिकामा पेला. ओट्यावर वाजवत होती. टक टक... टक.

मी म्हणालो, "बेटा... हे कुणी शिकवलं?"

"होस्टेलातल्या दीदीनं. माझ्याच खोलीत असते ती, लई गरीब आहे. ती म्हणते, वाजवत राहा, कुणीतरी ऐकतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अब्बा, तिनं तुम्हाला विचारायला सांगितलंय. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता का?"

उजमाच्या खोलीत एकच पलंग आहे, साहेब. मीच बघून घेतली होती ती खोली.

"हाव!" मी ओरडलो. "हाव, माहीत होता! सगळ्यांना माहीत होता!"

"बरं," उजमा म्हणाली. पण पेला थांबला नाही. ती माझ्याकडं बघतच नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्याची टकटक सहन होईना म्हणून त्यातला सेल मी लातूरहून आलो त्याच रात्री काढून टाकलाय, सव्वाअकराला बंद पडलं होतं ते. आज त्यात चारला चार मिनिटं कमी होती.