चारशे बारा नंबरचा बिघाड

"तुम्हीच का त्या तोडफोडवाल्या?"

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात माझी यादी, दुसऱ्या हातात चहाचे दोन कप… सांडू नयेत म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होता.

"दुसरा कप कुणाचा?" मी विचारलं.

"ज्यांच्याशी भांडायला आलोय त्यांचा."

तोडफोड हे माझं कामच होतं. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा आराखडा कॉम्प्युटरवर चालवून बघतात. त्यातली एकेक तार मी मुद्दाम तोडायची, आणि वरच्या मजल्यावरच्या तपासनिसाने चाचण्या घेऊन तो बिघाड पकडायचा. म्हणजे उद्या खऱ्या चिपमधली तार तुटली, तर तीही सापडेल. हा नवा तपासनीस यादी संपेपर्यंतच्या करारावर आला होता. माझ्या यादीतल्या सहाशेपैकी पाचशे नव्याण्णव बिघाड त्याने पकडले होते. चारशे बारा नंबरचा काही केल्या हाती लागत नव्हता.

"एखादी खूण तरी सांगा."

"सांगितल्यावर पकडण्यात काय मजा?"

"मजा तुमची होतेय. माझी झोप उडालीय."

"एका तारेपायी?"

"सध्या… तारेपायीच म्हणू या," तो म्हणाला, आणि चहाकडे बघत बसला.

मग तो रोज चार वाजता खाली यायला लागला. नवी चाचणी, नवा चहा. त्याआधी त्या खोलीत दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नसे. मागच्या महिन्यात तीन दिवस तापाने घरी होते, ते ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाड्याच्या खोलीवर फ्रिजच्या घरघरीची सोबत. आई फोनवर विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" मी ठोकून द्यायचे, "ढीगभर."

चौथ्या दिवशी मला कळलं. त्या तारेला एक जोडीची तार होती, अगदी तेच काम करणारी. एक तुटली तरी दुसरी निभावून न्यायची, बाहेर काडीचा फरक पडत नसे. कुठलीही चाचणी हा बिघाड पकडू शकणार नव्हती. अशा बिघाडापुढे 'न सापडणारा' असं लिहायचं आणि यादी बंद करायची, असा आमचा नियम. लिहायला दहा सेकंदं पुरली असती. पण यादी बंद झाली की तो जाणार होता.

मी लिहिलं नाही.

अकरा दिवस तो येत राहिला. अकरा दिवस मी केस नीट विंचरून ऑफिसात जात राहिले. बाराव्या दिवशी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"इथलं संपल्यावर जिथे जायचंय, त्या नव्या नोकरीवाल्यांचा फोन होता. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो म्हणाले."

"मग?"

"अर्धवट टाकून जाणं मला जमत नाही. नाही म्हणून कळवतो." तो कसनुसं हसला. "ताईला परवा म्हटलं, माझं डोकंच चालेनासं झालंय बहुतेक."



"तुमचं डोकं ठीक आहे," मी म्हटलं. "तो सापडणारच नाही. मला… आधीच कळलं होतं."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या चौथ्या दिवशी."

त्याने कप खाली ठेवला.

"लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर तुम्ही गेला असता. मग इथे कुणी आलं नसतं." "तुम्ही आलेलं मला आवडतं. म्हणून लबाडी केली."

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "लिहा आता."

मी लिहिलं. यादी बंद झाली. तो उठून गेला, आणि सोमवारी गावही सोडून गेला. मी कामावर जात राहिले, तारा तोडत राहिले. कुणी विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. रात्री आईने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मात्र पहिल्यांदाच खरं बोलले, "एकही नाही गं." मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली.

तिसऱ्या रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना फोन वाजला.

"राग गेला का?" मीच आधी विचारलं.

"नाही," तपासनीस म्हणाला. "पण एकट्याने राग धरून बसायचा कंटाळा आलाय."

"मग काय करायचं…?"

"शनिवारी येतो. तुमच्यासमोर बसून धरतो. चालेल?"

हातातला ओला टॉवेल माझ्या पायावर पाणी ठिबकवत होता. "काम काय काढलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला.