मधली पाच चित्रं

खट्‌कन डीव्हीडीचा ट्रे बाहेर आला. दुपारच्या शांततेत माझ्या लेकीनं, आरोहीनं, झोपेतच कूस बदलली. मी तिला थोपटलं. ती उठायच्या आत अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीची, रूपालीची, डीव्हीडी तयार करायची होती.

आमच्या भावाच्या, अरिहंतच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. रूपालीनं आधीच बजावलं होतं, "आक्का, एनटीएससीवर शूट कर, इकडच्या टीव्हीला तेच लागतं." पण निपाणीत घरोघरी टीव्हीला 'पाल' पद्धतच चालते, म्हणून मी कॅमेरा पालवर ठेवला. पालमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रं, एनटीएससीत तीस. पालचं एनटीएससी करताना लागणारी जादा पाच चित्रं कॉम्प्युटर आजूबाजूच्या चित्रांवरून स्वतःच रचतो.

हळदीचं शूटिंग एकेक चित्र थांबवत तपासत होते. एका जादा चित्रात अरिहंतच्या शेजारी फिकट डाग दिसला. पुढच्या जादा चित्रात डागाला पदर. त्याच्या पुढच्यात आई.

मी शूट केलं तेव्हा ती जागा रिकामी होती. मीच रिकामी केली होती. विधवा आई हळद लावायला पुढं आली तशी बायका कुजबुजायला लागल्या. त्यांना गप्प करायचं धाडस मला झालं नाही. मी म्हणाले, "आई, फ्रेममध्ये येतीस गं, जरा आत जा." तिला ते खरंच वाटलं. लगबगीनं गेली.

आता ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

"आई, हळदीत तू परत आलतीस?"

"न्हाय गं. आत नारळ खवत बसलते न्हवं?" ती हसली. "का, दिसलते काय कुठं? काढून टाक बाई. तुजा पिक्चर बिघडाय नको."

मला तिच्याकडं बघवेना.

डिस्क पुन्हा केली. आता प्रत्येक जादा चित्रात आई होती. हळदीची बोटं अरिहंतच्या गालापाशी, टेकायची राहिलेली.

पालमधलं मूळ शूटिंग लावलं. रिकामी जागा, सगळ्यांच्या नजरा अरिहंतकडं.

एनटीएससी. आई.

रूपालीकडं चालणार ती हीच डिस्क. बघितली की ती विचारणार, आईला कुणी थांबवलं होतं?

मी चित्र तिथंच थांबवलं.

आरोही कधी उठून मांडीवर आली, कळलं नाही. तिनं पडद्यावर बोट फिरवलं. अरिहंत, बायका, सनईवाला, कुणाच्या तरी कडेवरचं तान्हं.

"मम्मी," ती म्हणाली, "आज्जी सोडून सगळी तुज्याकडंच का बघायलीत?"